बादशहाची तुळस

आमच्या घरात आफ्रिका आली ती वाचनालयाच्या रद्दीतून. त्याआधी आमचा जगाशी संबंध फार तर मढच्या सुक्या बोंबलांपर्यंत होता. गिरणी बंद पडल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, गोरेगावातल्या एका वाचनालयात शिपाई म्हणून लागले. साचे चालवणारा माणूस पुस्तकांवरची धूळ झटकायला लागला, आणि झटकता झटकता वाचायलाही लागला. वर्षातून एकदा तिथे जीर्ण पुस्तकं निकालात निघायची. बाकीचे शिपाई त्यातली जाडजूड, कोऱ्या कागदाची बघून उचलायचे, पुड्या बांधायला. अण्णांनी एकदा एक असं पुस्तक उचलून आणलं की त्याची पुडीसुद्धा झाली नसती. पुढचं कव्हर नव्हतं, नाव नव्हतं, लेखक नव्हता, आणि मधल्या पानांनंतरचं सगळं वाळवीनं खाल्लं होतं. उरलेल्या अर्ध्या पुस्तकात अबिसीनियाच्या एका बादशहाची हकिगत होती. आई म्हणाली, वाळवीलासुद्धा अर्ध्यावर कंटाळा आला, आणि हे बसलेत वाचत.

बादशहाचं नाव अण्णांना धड म्हणता यायचं नाही. प्रत्येक वेळी वेगळं यायचं, म्हणून आमच्याकडे तो नुसता बादशहा राहिला, आणि मीही इथे तसाच ठेवते. हकिगत अशी की इंग्रज, फ्रेंच, इटालियन असे सगळे गोरे चहूबाजूंनी आफ्रिकेचे लचके तोडत होते, आणि मधल्या डोंगराळ मुलखात हा एकटा काळा राजा ठाण मांडून बसला होता. नुसता बसला नव्हता. गोऱ्यांकडूनच बंदुका विकत घेऊन तो स्वतःही चहूबाजूंनी वाढत होता. पूर्वेचं तटबंदीचं व्यापारी शहर घेतलं, दक्षिणेचा कॉफीचा मुलूख घेतला, आणि मग युरोपातल्या सगळ्या सत्तांना पत्र धाडून कळवलं की माझी हद्द इथून इथपर्यंत आहे, आणि तुम्ही वाटण्या करायला आलात तर मी गंमत बघत बसणार नाही. ह्या पत्रावर अण्णा फिदा होते. आमचं गाव मुरूडकडे, समोर समुद्रात सिद्द्यांचा किल्ला, आणि ते सिद्दी मूळचे अबिसीनियाचे. तेव्हा अण्णांच्या मते बादशहा म्हणजे जवळजवळ गाववालाच. रोज जेवताना ते दोन पानं मोठ्यानं वाचायचे. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटचं शाबूत वाक्य 'दक्षिणेकडच्या प्रजेने मात्र' इथवर येऊन वाळवीच्या पोटात गेलं होतं. ते अण्णा दर वेळी स्वतःच पुरं करायचे. कधी दक्षिणेकडच्या प्रजेने मात्र बादशहाचे फुलांनी स्वागत केले, कधी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला. एकदा तर दक्षिणेकडच्या प्रजेने मात्र पेढे वाटले.

आई मालवणकडची. तिला बादशहाचं काडीचं कौतुक नव्हतं. "त्या बादशाक घरात बायल नाय होती काय, पाणी भरूक सांगणारी?" असं तिनं विचारलं. बायको होती, आणि पुस्तकात होती. गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी नवी राजधानी वसवायचं तिनंच नवऱ्याच्या डोक्यात घातलं होतं. हे कळल्यावर आईचं मत जरा बदललं. बाईमाणसानं जागा बघितली म्हणून शहर झालं, ह्यांच्यासारख्यानं बघितली असती तर आजही तंबूत असते, असं म्हणाली. तिकडचे लोक आंबवलेल्या पिठाची मोठ्ठी जाळीदार भाकरी करतात आणि तिच्यावरच कालवण वाढतात, हे ऐकून तर ती तव्यापासून वळलीच. आंबोळीच की ती, म्हणाली. त्या दिवसापासून आमच्याकडे आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ झाली की त्याला शाही जेवण म्हणायची पद्धत पडली. अजूनही माझ्या सुनेला मी तसंच सांगते, आणि ती माझ्याकडे बघत राहते.

आता आमचं राज्य सांगते. दिंडोशीला हाउसिंग बोर्डाच्या बैठ्या खोल्या होत्या, एकीला एक चिकटून लांबलचक ओळी. एक खोली, पुढे ओटा, मागे दार. माणसं आम्ही पाच. अण्णा, आई, मी आणि माझ्या दोन जुळ्या बहिणी, ज्या दिवसभर बाविसाचे आणि तेविसाचे पाढे एकाच वेळी, वेगवेगळे म्हणायच्या. मागच्या दारासमोर एक बोळ होती, आणि बोळीच्या पलीकडे दुसऱ्या ओळीची मागची दारं. मधोमध गटार. गटाराच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं त्यांचं, असा अलिखित करार होता. आणि अलिखित करार असला की तो मोडायचीही अलिखित पद्धत असतेच. आमच्याकडे ती अशी होती. आधी एक कुंडी ठेवायची. कुंडीला कुणी काही म्हणत नाही. मग कुंडीशेजारी कपडे धुवायचा दगड येतो. मग दगडावर ऊन येतं म्हणून ताडपत्री, ताडपत्री फाटते म्हणून पत्रा, आणि पत्र्याला आधार नको का, म्हणून भिंत. त्या वसाहतीत अर्ध्या लोकांची स्वयंपाकघरं अशी कुंडीपासून सुरू झाली होती. हे वाचून आजच्या पोरांनी नाकं मुरडू नयेत. पाच माणसं एका खोलीत झोपून बघा, म्हणजे कुंडी कशी उगवते ते कळेल.

आमच्या बरोब्बर मागे वानखडे राहायचे. अमरावतीकडची बौद्ध मंडळी. वानखडेकाका टेलिफोन खात्यात लाइनमन. काकू दवाखान्यात आया होत्या, आवाज शांत आणि हात मजबूत. त्यांची मुलगी सुनंदा माझ्या वर्गात. ती गणितात पहिली, आणि मी शेवटून कितवी ते विचारू नका. त्यांच्या मागच्या दाराला काळ्या दगडाची एक रुंद पायरी होती. दुपारी तिच्यावर सावली असायची. शाळेतून आलं की आम्ही दोघी तिथे बसायचो, आणि सुनंदा माझ्या डोक्यात भूमिती घालायचा प्रयत्न करायची. काकू मधेच ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणून द्यायच्या. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि प्रमेय पाठ होत नसल्याचं रडू त्यात खपून जायचं. मला दहावी सुटणं भाग होतं. माझ्या आत्यानं गावाकडे एक स्थळ हेरून ठेवलं होतं, मासळीच्या धंद्यातलं, दोन होड्या. आईनं स्पष्ट सांगितलं होतं की पास झालीस तर कॉलेज, नापास झालीस तर मार्गशीर्षात अक्षता. मला होडी लागते. म्हणजे उलट्या होतात. तेव्हा गणितात पास होणं हा माझ्यासाठी खरोखरच जिवाचा प्रश्न होता.

मी अण्णांकडे रडगाणं गायले की ह्या घरात अभ्यास होत नाही, पाढे ऐकून डोकं उठतं, मला दार लावून बसायला जागा पाहिजे. अण्णांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला, आणि बोळीकडे बघितलं. ती नजर मला आजही आठवते. बादशहा दक्षिणेकडे बघताना असाच दिसत असणार. इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे, जी तेव्हा मला दिसली नव्हती. आमच्या डाव्या हाताला परब होते, त्यांच्या आणि आमच्या ओट्यामध्ये चांगली रुंद मोकळी जागा होती. तिकडे सरकायचं अण्णांच्या मनातसुद्धा आलं नाही. जातपात मानत नाही, असं अण्णा छाती ठोकून सांगायचे. पण पाय उचलला तो बोळीच्याच दिशेनं.

साधी कुंडी अण्णांनी ठेवली नाही. त्यांनी तुळस ठेवली. आमच्या ओळीतला हा हुकमी पत्ता होता, कारण तुळशीला हलवायचा कुणाला धीर होत नाही. मोगरा सरकवतील, कोरफड फेकून देतील, पण तुळशीला हात लावला आणि घरात कुणाला साधी शिंक आली तरी आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी तुळस गटाराच्या अलीकडे होती. आठवड्यानं गटारावर टाकलेल्या फरशीवर गेली. पुढच्या आठवड्यात गटार ओलांडून एक वीत पलीकडे. अण्णा सकाळी आंघोळ करून, ओल्या पंचानं, तांब्या घेऊन बोळीत जायचे, पूजा करायचे, आणि प्रदक्षिणा घालताना पायानं हळूच कुंडी ढकलायचे. देवाच्या नावावर इतका सरळ चोरटेपणा मी नंतर फक्त सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीत बघितला.

पण एक घोटाळा झाला, जो फक्त आमच्या अण्णांच्याच हातून होऊ शकला असता. वानखड्यांकडे तुळशीची पूजाच नव्हती. एका सकाळी अण्णा बोळीत गेले तर तुळस परत गटाराच्या अलीकडे, मूळ जागेवर, कडेला नीट लावून ठेवलेली. मातीत ताजं पाणी. काकू पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "तुमचं झाड सरकून रायलं होतं भाऊ," त्या म्हणाल्या, "ठेवलं मी जाग्यावर. पानीबी टाकलं." त्यांच्या बोलण्यात टोमणा आहे की नाही हे अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला वाटतं नव्हता, आणि तेच जास्त झोंबणारं होतं. पुढचा महिनाभर हे चाललं. अण्णा सकाळी प्रदक्षिणेत तुळस पुढे न्यायचे, काकू दवाखान्यातून आल्या की तिला उचलून मागे ठेवायच्या आणि तांब्याभर पाणी घालायच्या. दोन्हीकडून पाणी मिळून ती तुळस अशी फोफावली की अख्ख्या ओळीतल्या बायका मंजिऱ्या मागायला येऊ लागल्या. शेवटी आईनंच अण्णांना समजावलं. "ती माणसा तुळशीक हात जोडणत नाय. तेंका ता सर्दीचा औषध." अण्णा दोन दिवस घुश्श्यात होते. बादशहाच्या पुस्तकात असा शत्रू नव्हता.

मग त्यांनी पुस्तकातला दुसरा उपाय काढला. पत्र. फुलस्केप कागदावर, वाचनालयाच्या हिरव्या शाईत. 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की खोली क्रमांक अमुकची मागील हद्द पूर्वापार वानखडे यांच्या पायरीपर्यंत असून बाहेरील कोणीही तीत ढवळाढवळ केल्यास आम्ही स्वस्थ बसणार नाही.' खोलीत राहायला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली होती. 'पूर्वापार' हा शब्द वाचून आईनं विचारलं की आपण इथे कुठच्या पांडवांबरोबर आलो. पत्राच्या सहा प्रती माझ्याकडून काढून घेतल्या, कारण माझं अक्षर बरं. एक वसाहतीच्या चिटणीसाला, एक परबांना, एक रेशनवाल्याला, एक पिठाच्या गिरणीत भिंतीला चिकटवायला आणि एक दूधवाल्याला. दूधवाला कशाला, तर अण्णा म्हणाले की सगळ्या सत्तांना कळवायचं असतं. भय्याला मराठी वाचता येत नव्हतं, त्यानं ते पत्र बिल समजून आठवडाभर खिशात ठेवलं. सहावी प्रत अण्णांनी स्वतःसाठी ठेवली. वानखड्यांना प्रत गेली नाही. माझ्याही लक्षात आलं नाही, आणि सहाही प्रती मी लिहिल्या होत्या.

एप्रिलात, आमची नववीची परीक्षा संपल्यावर, वानखडे गावी गेले, लग्नाला, दहा दिवस. अण्णांनी संधी साधली. चार पत्रे, बांबू, विटा आणि एक ओळखीचा गवंडी आला, आणि चार दिवसांत गटारावरून पलीकडे जाऊन एक खोली उभी राहिली. पायरीचा अर्धा भाग भिंतीखाली गेला. उरलेली अर्धी पायरी, म्हणजे त्यांच्या दारापासून वीतभर जागा, सोडली होती, आणि अण्णांच्या मते हा त्यांचा मोठेपणा. बादशहाही जिंकलेल्या राजांना थोडं काहीतरी ठेवायचा म्हणे.

आता जे लिहिते ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. वानखड्यांचं मागचं दार बाहेर उघडायचं. आमची सगळी दारं आत उघडायची, म्हणून अण्णांनी धरून चाललं होतं की त्यांचंही आत उघडत असेल. त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, ते कधी त्या पायरीवर बसले नव्हते. मी बसले होते. रोज बसत होते. ते दार उघडताना पाठीला लागू नये म्हणून आम्ही दोघी रोज सरकून बसायचो. गवंडी भिंतीची दोरी धरत होता तेव्हा मी तिथेच उभी होते, दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मी बोलले नाही. मला खोली पाहिजे होती. दार असलेली, माझी, जिच्यात पाढे ऐकू येत नाहीत. होडीच्या आणि माझ्या मध्ये ती एक भिंत होती, असं मला वाटत होतं.

खोली मिळाली. टेबल म्हणून खोकं, वर बल्ब, भिंतीला वेळापत्रक. पहिले तीन दिवस मी महाराणी होते. सगळ्या पुस्तकांना कव्हरं घातली, पेन्सिलींना टोकं केली, वेळापत्रक दोन रंगांत पुन्हा लिहिलं. चौथ्या दिवशी गणिताचं पुस्तक उघडलं, आणि लक्षात आलं की ह्या खोलीत सगळं आहे, फक्त गणित येणारं माणूस नाही. शांतता इतकी होती की माझं मला न येणं स्वच्छ ऐकू येत होतं.

वानखडे आले ते दुपारचे. मी आत बसले होते. भिंतीपलीकडे कडी काढल्याचा आवाज आला, आणि मग धप्प. दार वीतभर उघडून भिंतीवर आपटलं. पुन्हा धप्प. मी खोक्यावर चढून भिंतीच्या वरच्या फटीतून बघितलं, तर दाराच्या फटीतून सुनंदाचा एक डोळा माझ्याकडे बघत होता. तिनं फार हळू विचारलं, "तुला माहीत होतं ना गं?"

मी खाली बसले. माझ्या आयुष्यात मी भांडणात कधी मागे हटलेले नाही. रिक्षावाल्यांशी, साहेबांशी, नवऱ्याशी, खुद्द जावयाशी भांडले आहे. त्या एका प्रश्नापुढे मात्र तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी सुनंदा पुढच्या बाजूनं, अख्ख्या ओळीला वळसा घालून आमच्या ओट्यावर आली. मला वाटलं भांडायला आली. तिच्या हातात अण्णांचं पुस्तक होतं. अण्णांनीच ते ती गावी निघाली तेव्हा कौतुकानं तिला वाचायला दिलं होतं, हुशार पोरगी म्हणून. माझ्याकडे न बघताच ती अण्णांपुढे उभी राहिली. पुस्तक वाचलं म्हणाली, आवडलं म्हणाली. अण्णा खूश. मग म्हणाली, "काका, बादशहानं सगळ्या मोठ्या मोठ्या राजांना पत्रं लिहिली. ज्यांची जमीन घेतली, त्यांना एकतरी लिहिलं होतं का?"

अण्णांनी पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली, जणू वाळवीनं काही परत आणून ठेवलं असेल. मग म्हणाले की ते पुढच्या भागात असेल. तो भाग आपल्याकडे नाही.

"आमच्याकडे आहे, काका," सुनंदा म्हणाली. "माझे आजोबा गावात दुसऱ्यांच्या जमिनीवर जन्मभर राबले. पुढचा भाग आम्हाला वाचावा लागत नाही."

तिनं हे तावातावानं म्हटलं नाही. गणितात कुठे चुकलं ते दाखवताना जसं म्हणायची, तसंच म्हटलं, आणि वळसा घालून परत गेली. आईनं चुलीवरचा तवा उतरवून ठेवला. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत, आणि बादशहाचं वाचनही झालं नाही.

पुढचे चार दिवस अण्णा वाचनालयात काम सोडून दुसरा अर्धा भाग शोधत होते. पुस्तकाचं नावच माहीत नाही, तर शोधणार काय? मालाडपासून जोगेश्वरीपर्यंतच्या रद्दीवाल्यांना त्यांनी विचारलं की पुढचं कव्हर नसलेल्या पुस्तकाचं मागचं अर्धं आहे का. एकानं त्यांना बसवून पाणी पाजलं. शेवटी वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर निघाले इतिहासाचे. त्यांनी अण्णांना वाक्य पुरं करून सांगितलं. दक्षिणेकडच्या प्रजेची जमीन बादशहानं आपल्या शिपायांना वाटून दिली, त्या जमिनीवरच्या माणसांसकट. त्या माणसांनी आपल्याच शेतात शिपायासाठी नांगरायचं, धान्य द्यायचं, मध द्यायचा, त्याचं घर शाकारायचं. पुढे इटालियन चालून आले तेव्हा बादशहानं त्यांना असा चोप दिला की सगळा युरोप तोंडात बोट घालून बसला, हेही मास्तरांनी सांगितलं. त्या लढाईत दक्षिणेकडचे लोकही बादशहाच्या बाजूनं लढले. म्हणजे माणूस मोठाच होता, अण्णा घरी येऊन म्हणाले, गोऱ्यांपुढे वाकला नाही. मग म्हणाले की आपण मात्र शिपाई निघालो. आई म्हणाली, ते तर पगाराच्या पाकिटावरही लिहिलंय. पण म्हणाली हळूच, आणि त्यांच्या ताटात आंबोळी वाढली.

जेवण झाल्यावर अण्णांनी हिरवी शाई काढली. ह्या वेळी मला लिहायला सांगितलं नाही. स्वतः लिहिलं, गुडघ्यावर पाट घेऊन. मायन्याशी बराच वेळ अडले. आधी नमस्कार लिहिलं, खोडलं, मग लिहिलं, 'श्री. व सौ. वानखडे यांस सप्रेम जय भीम.' पुढे एवढंच होतं, 'तुमच्या पायरीवर भिंत घालण्याआधी तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले नाही. भिंत उद्या काढतो. पत्र्यांचे काय करायचे ते तुम्ही सांगावे.' एकच प्रत. परबांना नाही, रेशनवाल्याला नाही, दूधवाल्याला नाही. सकाळी सदरा घालून, अख्ख्या ओळीला वळसा घालून, अण्णांनी ते पत्र वानखड्यांच्या पुढच्या दारात स्वतः नेऊन दिलं. मी मागोमाग गेले होते. वानखडेकाकांनी ते उभ्यानं दोनदा वाचलं आणि काकूंना दिलं. काकूंनी वाचून घडी घातली.

"पत्रा राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "भिंत काढा. पोरीयले ऊन लागते."

भिंत काढताना मी विटा वाहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. माझी खोली गेली, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. ते खोलीसाठी होतं की कशासाठी, ते विटा वाहताना नीट कळत नाही. दुपारी पत्र्याखालच्या पायरीवर मी एकटी गणिताचं पुस्तक घेऊन बसले. दार उघडलं, पुरतं. सुनंदा आली, पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि तिनं वहीवर एक त्रिकोण काढून माझ्याकडे सरकवला. पंधरा दिवस ती माझ्याशी फक्त त्रिकोणांबद्दल बोलली. मी एकदा धीर करून म्हटलं, मला माहीत होतं. तिनं पेन्सिलीला टोक करत उत्तर दिलं की तेही तिला माहीत होतं, आणि आता कोन मोज. सोळाव्या दिवशी ठेचा आला, आणि मग आम्ही पुन्हा बोलायला लागलो. पुढच्या वर्षी दहावीला गणितात मला दीडशेपैकी चोपन्न मिळाले. एका मार्कानं होड्या बुडाल्या. अण्णांनी पेढे वाटले, पहिला पुडा वानखड्यांकडे.

सुनंदा पुढे सरकारच्या जमीन मोजणी खात्यात लागली. दुसरीकडे कुठे लागणार होती म्हणा! चाळीस वर्षं लोकांच्या बांधांवर दोरी धरून उभी राहिली, आणि कुणाच्या चहालासुद्धा शिवली नाही. अण्णा गेले, काका-काकू गेले. बैठ्या ओळी पाडून तिथे टॉवर उभा राहिला. त्यात चौदाव्या मजल्यावर माझ्या दारासमोर तिचं दार आहे. सोडतीत आलं, आम्ही कुणी वशिला लावला नव्हता. दोन दारांमध्ये सोसायटीचा पॅसेज. त्याची दोन्ही दारांपासून मध्यरेषा कुठे येते हे ती डोळ्यांनी सांगते, आणि बिल्डरच्या नकाशापेक्षा बरोबर सांगते.

त्या बोळीतल्या तुळशीच्या बियांच्या बियांपासून आलेली एक तुळस माझ्या दाराशी आहे. परवा सकाळी पूजा करताना माझ्या पायानं ती जरा पुढे गेली. वीतभर. वय झालंय, पाय कुठे पडतो कळत नाही, असं म्हणू हवं तर. दुपारी झोपून उठले, दार उघडलं. तुळस परत जागेवर होती, आणि मातीत ताजं पाणी होतं.